छर्र्याचा हिशेब कोठे संपतो?

जमावावर झाडल्या जाणाऱ्या छर्र्यांना सरकारी परिभाषेत ‘अप्राणघातक’ म्हटले जाते. या विशेषणामागे एक गृहीत दडलेले आहे : छर्रा लहान म्हणून इजा लहान, आणि जेथे छिद्र पडले तेथेच ती संपली. वैद्यकाचा अनुभव या गृहीताच्या विरुद्ध आहे.

वेगवान गोळी बहुधा शरीर भेदून बाहेर पडते. मंदगती छर्र्यात मात्र रक्तवाहिनीची एक भिंत फोडण्यापुरतीच शक्ती उरलेली असू शकते. मग दुसरी भिंत त्याला अडवते आणि रक्ताचा प्रवाह त्याला वाहून नेतो. नीलेत शिरलेला छर्रा हृदयाच्या उजव्या कप्प्यात किंवा पुढे फुप्फुसात पोचू शकतो; धमनीत शिरलेला हातापायाचा वा मेंदूचा रक्तपुरवठा तोडू शकतो. हे ज्ञान नवे नाही. हृदयात वाहत गेलेल्या लाकडाच्या तुकड्याची नोंद थॉमस डेव्हिस या ब्रिटिश वैद्याने 1834 मध्येच केली होती.

‘असे क्वचितच घडते’, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. व्हिएतनाम युद्धातील रक्तवाहिन्यांच्या सुमारे 7,500 जखमांत अशी 22 प्रकरणे आढळल्याचे 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु हे सांगता आले, कारण अमेरिकेने आपल्या जखमींची नोंदवही ठेवली होती. काश्मीरमध्ये 2016 साली 32 दिवसांत सुमारे 13 लाख छर्रे झाडल्याचे केंद्रीय राखीव पोलीस दलाने उच्च न्यायालयाला सांगितले. झाडलेल्या छर्र्यांचा आकडा मिळाला. शरीरात राहिलेल्या छर्र्यांचा कोणी द्यायचा?

क्ष-किरणांत न दिसणाऱ्या तुकड्यांनी इजा करणारी शस्त्रे 1980 च्या आंतरराष्ट्रीय कराराने युद्धात निषिद्ध ठरवली. धातूचा छर्रा क्ष-किरणांत दिसतो, हे खरे. पण शिरल्याची जखम आहे, बाहेर पडल्याची नाही आणि अपेक्षित जागी छर्राही नाही, अशा वेळी तो शोधण्यासाठी शरीराच्या इतर भागांचीही चित्रे काढावी लागतात. हा खर्च बंदूक चालवणाऱ्यांच्या खाती पडत नाही. मजुरी बुडवून शहरातले रुग्णालय गाठणाऱ्या कुटुंबाच्या माथी पडतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. जमावावर छर्रे झाडणे कायमचे बंद व्हावे. ज्यांच्या शरीरात ते राहिले आहेत त्यांची नोंद, तपासणी आणि उपचार सरकारने आपल्या खर्चाने करावेत, आणि तेही केवळ जखम भरेपर्यंत नव्हे. ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी निदान ‘अप्राणघातक’ हा शब्द तरी मागे घ्यावा.