गंजावर रंग चढवू नका!

बराकपूर म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातले मंगल पांडे आठवतात. कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठावरचे हे छावणीचे गाव. माझे मेहुणे हवाई दलाच्या नोकरीनिमित्त तीन वर्षे तेथे होते. तेथे त्यांनी हौसेने एक जुनी अॅम्बॅसेडर घेतली. नदीपलीकडे, थोड्या दक्षिणेला असलेल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाड्या २०१४ सालापर्यंत तयार होत असत.

घेताना गाडी चकचकीत होती. पहिल्याच पावसाळ्यात दाराच्या तळाशी रंगाला फोड आले. ताई म्हणाली, ‘‘पूजेला पाहुणे येतील, वरून रंगाचा हात मारून घ्या.’’ तसे केले. गाडी पुन्हा छान दिसू लागली. डिसेंबरात ब्रेक दाखवायला नेली, तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीने मागच्या सीटपुढचे रबरी मॅट उचलले आणि पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर दाबला. तो सरळ आरपार गेला! माझा सात वर्षांचा भाचा रोज तेथेच पाय ठेवून बसत असे.

समुद्र जवळ नाही, खारा वारा नाही, मग एवढा गंज आला कोठून? लोखंडाला गंजायला हवा आणि ओल एवढेच पुरते. मीठ असेल तर काम लवकर होते, म्हणून कोकणातल्या गाड्यांना जास्त जपावे लागते. बंगालच्या दमट हवेत ओले मॅट आठवडेच्या आठवडे वाळत नाही. त्यात गंज हा खपल्यांचा, सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचा पत्रा खातच राहतो. वरून रंग दिला की गंज थांबत नाही, फक्त आपल्याला दिसेनासा होतो.

मग करावे काय? डाग लहान असेल तर तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने तो स्वच्छ, चमकता पत्रा दिसेपर्यंत घासावा. खोलगट खड्ड्यांत गंज उरलाच तर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण बाजारात मिळते, ते हातमोजे घालून लावावे. जागा पूर्ण कोरडी झाल्यावर आधी रेड ऑक्साइड प्रायमर आणि मगच रंग द्यावा. पत्र्याला भोक पडले असेल, तर लांबी भरून झाकू नये. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडून घ्यावा. ब्रेकच्या नळ्या किंवा चॅसी गंजलेली दिसली, तर घरगुती उपाय न करता मेकॅनिककडे जावे.

गंज येऊच नये म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर गाडी खालून धुऊन घ्यावी आणि अंडरकोटिंग तपासावे. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, त्यांतला चिखल काडीने काढावा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये. पक्ष्यांची विष्ठा लगेच धुवावी. घरातली कात्री, पाना, पक्कड गंजली असेल, तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासावी, सोड्याच्या पाण्याने धुवावी, पुसून कोरडी करावी व तेलाचा हात द्यावा. मात्र ब्रेकवर चुकूनही तेल लावू नये.

ही काळजी फक्त गाडीपुरती नाही. कोलकात्यात १९४३ साली सुरू झालेल्या हावडा पुलाच्या खांबांवर लोक पान खाऊन थुंकत. तेथील पोलादी आवरणांची जाडी २००७ ते २०११ या काळात सहा मिलिमीटरवरून तीन मिलिमीटरच्याही खाली आल्याचे आढळले. पुढे त्यांवर फायबरग्लासची आवरणे बसवावी लागली. आपल्याकडे पुण्याजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. तो जीर्ण व गंजलेला होता, वापरू नये असा इशाराही दिलेला होता.

मेहुण्यांनी गाडीचा अर्धा तळ बदलून घेतला. खर्च रंगकामाच्या कितीतरी पट आला, पण ताईने हूं की चूं केले नाही. दर रविवारी गाडीतली मॅट्स बाहेर काढून उन्हात टाकायचे काम आता भाच्याकडे आहे.

आपल्या गाडीतले मॅट आपण शेवटचे कधी उचलले होते? या रविवारी उचलून पाहा. खाली ओल लागली, तर रंगाच्या डब्याकडे नव्हे, तारेच्या ब्रशकडे हात जाऊ द्या.