हुतात्मा एक्सप्रेस, सोलापूर आणि आयर्लंडहून आलेला 'होमरूल'

सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसमधून हजारो लोक जातात. हे हुतात्मे कोण? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली. त्यांच्या गोष्टीचा एक धागा थेट आयर्लंडला पोहोचतो.

आयरिश लोकांची जुनी मागणी होती 'होमरूल'. म्हणजे साम्राज्य ब्रिटिशांचं, पण घरचा कारभार आमचा. १८८६ मध्ये पहिलं विधेयक पडलं. १९१४ मध्ये कायदा झाला, पण महायुद्धाचं कारण सांगून तो गुंडाळून ठेवला. शेवटी २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये सशस्त्र बंड झालं. आणि त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली! जो शब्द तिथे जुना झाला होता, तो इथे नव्याने रुजत होता.

डब्लिनचं बंड सहा दिवसांत मोडलं. सुरुवातीला तिथल्याच अनेकांना ते आवडलं नव्हतं. पण ३ ते १२ मे दरम्यान लष्करी न्यायालयांच्या हुकमाने १५ जणांना गोळ्या घातल्या गेल्या आणि जनमत फिरलं. १९१८ च्या निवडणुकीत स्वतंत्र आयर्लंड मागणाऱ्या सिन फेनने तिथल्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. होमरूल मागे पडला.

सोलापुरातही १९३० पर्यंत मागण्याची भाषा संपली होती. गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट पेटवलं, पोलीसही मारले गेले. मग पोलीस शहरातून हटले आणि ९ ते ११ मे काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहर सांभाळलं. अगदी वाहतुकीसकट. टिळकांनी मागितलेला घरचा कारभार सोलापूरकरांनी न विचारता तीन दिवस करून दाखवला.

१२ मेला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला. इथे डब्लिनसारखी घाई नव्हती. खटला झाला, अपील झालं, फाशीपर्यंत आठ महिने गेले. तरीही चौघे निर्दोष होते, ही सोलापूरची भावना आजही कायम आहे. दर १२ जानेवारीला त्यांच्या पुतळ्यांना हार पडतात.

आणि त्यांच्या नावाची गाडी रोज पुण्याला जाते, येरवडा जिथे आहे त्याच शहरात.