रंगहीन वायूचे विशेषण

मराठीत उद्योजकाविषयी लिहिण्याच्या दोनच रीती आता उरल्या आहेत. पहिली यशोगाथेची. तीत जिद्द असते, परदेशवारी असते आणि अखेरीस तरुणांना आदर्श घेण्याचा उपदेश असतो. दुसरी मौनाची. भांडवल आणि यंत्र हे आपले विषयच नव्हेत, असे समजून वाङ्मयाच्या अभ्यासकाने मान फिरवायची. या दोन रीती परस्परविरोधी भासतात. पण उद्योगाची भाषा वाचायची नाही, याबाबत दोहोंचे एकमत आहे. हे वाचन टाळणे आपल्याला किती महागात पडते, हे हायड्रोजनच्या उदाहरणावरून दिसते.

वस्तुस्थिती आधी नमूद करतो. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते हायड्रोजनच्या इंधनघटावर (ज्याला सारे फ्युएल सेल म्हणतात) चालणाऱ्या देशी बसचे अनावरण झाले. केपीआयटी ही पुण्याची कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून ती घडवली होती. त्यापूर्वी २०२० मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशाच घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली होती. २०२४ मध्ये वाराणसीसाठी कोचीन शिपयार्डने बांधलेल्या नौकेच्या कामातही केपीआयटीचा सहभाग होता. इंधनघटात हायड्रोजन जळत नाही; हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज मिळते आणि मागे पाणी व उष्णता उरते. १९९० साली सनदी लेखापालांच्या व्यवसायातून उगवलेल्या एका कंपनीने सरकारी प्रयोगशाळेबरोबर इतकी वर्षे चिकाटीने हे काम करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. माझा आक्षेप या कामाला नाही; त्याभोवती रचल्या जाणाऱ्या वाक्यांना आहे.

त्यांतले सर्वांत लाडके वाक्य असे : या वाहनातून फक्त पाणी बाहेर पडते. अभिधेने पाहता वाक्य खरे आहे. पण ते अभिधेसाठी उच्चारले जात नाही. गंगेवरची वस्ती हे लक्षणेचे उदाहरण आपण वर्गावर्गांतून शिकवतो. वस्ती प्रवाहावर असू शकत नाही, म्हणून अर्थ तीराकडे वळतो. आणि तरीही गंगेचेच नाव घेतले जाते, कारण तिचे पावित्र्य आणि शीतलता वस्तीला चिकटवायची असते. 'फक्त पाणी' या शब्दांचे प्रयोजनही तेच आहे. नळीच्या टोकाशी दिसणारी शुद्धता साऱ्या व्यवहाराला चिकटवायची. 'हरित' हे विशेषण तर याहून धीट. हायड्रोजन रंगहीन आहे. करडा, निळा, हिरवा हे रंग वायूचे नव्हेत. तो कशापासून आणि कसा मिळवला, त्याचे ते संकेत आहेत. विशेषण वायूला लावायचे आणि उगमाचा प्रश्न मात्र वाक्याबाहेर ठेवायचा, ही यातली हातचलाखी.

आता थोडे गणित. एखाद्या बसच्या टाकीत ३० किलो हायड्रोजन भरला असे धरू. तो नैसर्गिक वायूपासून काढलेला असेल, तर किलोमागे सुमारे १० किलो या हिशेबाने ३०० किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाण्याचे विघटन करून काढलेला असेल, तर किलोमागे पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. ही वीज सर्वसाधारण वाहिनीतून घेतली, तर आपल्या कोळशाधिष्ठित व्यवस्थेत त्या एका टाकीमागे हजार किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड पडतो. तेवढेच अंतर कापताना डिझेलची बस याच्या निम्म्याहूनही कमी सोडील. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये 'हरित' या शब्दाची मर्यादा ठरवली, ती किलोमागे २ किलो. म्हणजे ३० किलोच्या टाकीमागे ६०. साठ, तीनशे आणि हजार, या तिन्ही बाबतींत नळीतून पडते ते फक्त पाणीच! शिवाय विघटनासाठी किलोमागे किमान ९ लिटर शुद्ध पाणी आधी कुठून तरी घ्यावे लागते, ते निराळेच.

हे सारे कोणासाठी महत्त्वाचे, असा प्रश्न येईल. पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडून चाकणकडे निघाले की कुरुळी लागते. खेड तालुक्यातले हे गाव वाहन उद्योगाच्या पट्ट्यात आले, आणि कंटेनरच्या रांगा व डिझेलचा धूर त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला. तिथल्या रस्त्यावरून धूर न सोडणारी वाहने जाऊ लागली, तर तो कुरुळीचा खरा लाभ आहे; त्याला नाक मुरडणे हा घरबसल्या केलेला उर्मटपणा ठरेल. परंतु त्या वाहनांचा हायड्रोजन कोळशाच्या विजेवर तयार झाला, तर कुरुळीचा धूर नाहीसा झालेला नसतो. तो चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्राच्या गावी गेलेला असतो. 'स्वच्छ' हा शब्द या स्थलांतराची वाच्यता करीत नाही. वाक्यातून एक गाव वगळले गेले आहे, हे ओळखण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले, ते आपणच ना?

नेतृत्वाविषयीही बोलले पाहिजे. केपीआयटीचे सहसंस्थापक रवी पंडित यांनी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्यासह २०१८ मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्याचे शीर्षकच बेडूकउडीकडून बांबूउडीकडे जाण्याचे आहे. उडीच्या प्रतिमेत उडी घेणारा दिसतो, उंची दिसते. ज्या जमिनीला बांबू टेकतो ती दिसत नाही. उगमाचा विचार या मंडळींनी केलाच नाही, असे मात्र नाही. शेतातील अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र केपीआयटीने पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेबरोबर विकसित केले आहे. म्हणूनच अपेक्षा वाढते. ज्यांना उगमाचे मोल कळते, त्यांनी 'फक्त पाणी' या वाक्यावर थांबू नये.

आणि ही भाषा मराठीत का येत नाही? १९२० मध्ये एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे मराठीतले महत्त्वाचे मासिक झाले. यंत्र, व्यवसाय आणि विचार यांविषयी एकाच अंकात मराठीतून वाद घालता येतो, हे त्या परंपरेने दाखवून दिले होते. आज उद्योग निवेदन इंग्रजीत काढतो, वृत्तपत्रे त्यातील विशेषणे तशीच उतरवून घेतात आणि आपण कवितेतील विशेषणांवर प्रबंध लिहितो.

रसायनशास्त्र आपला प्रांत नव्हे, ही सबब इथे चालणार नाही. वरचे गणित शाळेतले आहे. आणि विशेषण तर आपल्याच प्रांतातले आहे. उद्योगाच्या धुरिणांकडे मागणे एवढेच की, जिथे 'हरित' छापाल तिथे शेजारी किलोमागचा आकडाही छापा, आणि तो मराठीतही छापा. आपल्यासाठी कामही उघड आहे. शैलीविचाराच्या तासाला असे एखादे निवेदन फळ्यावर लिहावे आणि तीन प्रश्न विचारावेत : हायड्रोजन कशापासून, वीज कुठली, पाणी कोणाचे? उत्तरे मिळेपर्यंत त्या विशेषणाला अवतरणचिन्हातच ठेवावे.