गळ आणि गळती

ईमेलमधल्या लिंकवर बोट ठेवणाऱ्याला बेसावध ठरवणे सोपे. त्याच्यासमोर खात्रीची खूण उमटवणाऱ्या खिडकीला मात्र कोणी जाब विचारत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘सोफोस’ या ब्रिटिश कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांना एक खरमरीत ईमेल आला. तुमच्याविषयी ग्राहकाची तक्रार आली आहे आणि तिला तुम्ही अजून उत्तर का दिलेले नाही, असा त्यातला सूर. खाली नाव साहेबांच्या साहाय्यकाचे. असा साहाय्यक त्या कंपनीत कधीच नव्हता. तक्रार वाचायची तर सोबतच्या लिंकवर पीडीएफ पाहा, एवढेच पुढे सांगितले होते. गंमत अशी की सोफोस ही संगणक-सुरक्षेच्याच धंद्यातली कंपनी. चोराने घरफोडीसाठी पोलीस वसाहत निवडावी तसाच हा प्रकार झाला. म्हणूनच पुढे काय घडले याची नोंद बारकाईने झाली आणि ती जगासमोर आली. हाच ईमेल एखाद्या आडगावच्या पतपेढीत गेला असता तर संगणक बंद पडल्यावरच तो कोणाला आठवला असता.

त्या लिंकमागे एक पान होते आणि पानावर पीडीएफ पाहण्याचे बटण. त्या बटणाचा पत्ता नेहमीसारखा ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत नव्हता, त्याच्या आरंभी ‘एमएस-ॲपइन्स्टॉलर’ अशी अक्षरे होती. विंडोजला ही अक्षरे दिसली की ती आपला स्वतःचा ‘ॲप इन्स्टॉलर’ हा कार्यक्रम पुढे करते. मग पडद्यावर एक नेटकी, शांत खिडकी येते. तिच्यात ओळखीचे पीडीएफचे चिन्ह, ‘ॲडोबी पीडीएफ कॉम्पोनंट’ असे भारदस्त नाव, त्याखाली हे विश्वासार्ह ॲप असल्याची ग्वाही आणि कोपऱ्यात ‘इन्स्टॉल’चे बटण. ते दाबले की आत येणाऱ्या पाहुण्याचे नाव ‘बझारलोडर’. हा स्वतः फारशी नासधूस करत नाही. तो कडी आतून काढून ठेवतो आणि मागून येणाऱ्या खंडणीखोरांना वाट करून देतो.

ही ग्वाही कोणाची होती? मायक्रोसॉफ्टची. आणि ती कशाच्या जोरावर दिली जात होती, हे समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातली खरी गळती कळत नाही. सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यावर त्याचा निर्माता डिजिटल सही करतो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणपत्र घेतो. या सहीचे काम पूर्वीच्या खलित्यावरील लाखेच्या मोहोरेसारखे. खलिता वाटेत कोणी फोडला नाही आणि मोहोर असलेल्याच कोणीतरी तो पाठवला, एवढे ती सांगते. आतला मजकूर खरा आहे की नाही यावर ती काहीच बोलत नाही. सोफोसला आलेल्या गठ्ठ्यावर सही होती आणि ती तांत्रिकदृष्ट्या वैधही होती. फक्त ती ॲडोबीशी सुतराम संबंध नसलेल्या एका ब्रिटिश कंपनीच्या नावे होती. खिडकीवर झळकणारे नाव आणि चिन्ह गठ्ठा बांधणारा आपल्या मर्जीने लिहितो. सही तपासली जाते ती वेगळीच. या दोन गोष्टी एकाच चौकटीत शेजारी मांडल्या की पाहणारा त्या जोडून वाचणारच. मोहोर एकाची, नाव दुसऱ्याचे आणि वर ‘विश्वासार्ह’ हा शेरा.

दुसरी गळती वाटेतली होती. ब्राउझरमधून एखादी फाइल उतरवून घेतली की विंडोज तिच्यावर ‘ही बाहेरून आली आहे’ अशी अदृश्य खूण करते आणि ‘स्मार्टस्क्रीन’ नावाचा पहारेकरी तिची पत पाहतो. अनोळखी असेल तर हटकतो. ॲप इन्स्टॉलरच्या लिंकमध्ये ब्राउझर फक्त पत्ता पुढे सरकवतो आणि गठ्ठा आणायला विंडोजचाच हस्तक जातो. परिणामी नेहमीचे इशारे देणारे पहारे वाटेत लागतच नाहीत. या वाटेने ते टाळले जातात हे मायक्रोसॉफ्टनेच नंतर लेखी मान्य केले. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप, दरवान, कॅमेरा सारे काही. आणि घरमालकानेच सोयीसाठी काढलेल्या मागच्या दाराला साधी कडीही नाही.

डिसेंबरच्या पहिल्याच दिवसांत ‘इमोटेट’ या वाटेने आला. या नावाचा इतिहास सांगण्याजोगा आहे. २०१४ मध्ये बँक खात्यांवर डल्ला मारणारा किरकोळ कार्यक्रम म्हणून जन्मलेला इमोटेट पुढे गुन्हेगारी जगाचा हमालखाना झाला; इतरांचे मालवेअर घरोघरी पोहोचवून देणे हा त्याचा व्यवसाय. जानेवारी २०२१ मध्ये युरोपोलच्या पुढाकाराने नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, युक्रेन आदी आठ देशांच्या पोलिसांनी त्याचे जाळे ताब्यात घेतले आणि एप्रिलमध्ये बाधित संगणकांवरून तो काढूनही टाकला. नोव्हेंबरात तो परतला. त्याची रीत विलक्षण. ज्याचा संगणक त्याने आधी पोखरलेला असतो, त्याच्या जुन्या ईमेल-संभाषणांतच तो उत्तर घुसडतो. तुम्ही महिनाभरापूर्वी पुरवठादाराशी दरपत्रकाविषयी बोलत होतात, त्याच धाग्यात, त्याच विषयाखाली, त्याच्याच नावाने ‘सोबतचा कागद पाहावा’ असे येते. त्यावर बोट ठेवले की तीच खिडकी, तेच ॲडोबीचे चिन्ह, प्रकाशकाच्या जागी ॲडोबीचेच नाव आणि तीच ग्वाही. ‘अनोळखी माणसाच्या लिंकवर जाऊ नका’ हा सुविचार इथे कोणाला वाचवणार?

१४ डिसेंबर २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने या दोषावर पॅच काढला. त्याचा गुन्हेगारांकडून वापर सुरू असल्याचे कंपनीने त्याच वेळी सांगितले आणि त्याला ‘सीव्हीई-२०२१-४३८९०’ हा नोंदणी क्रमांक मिळाला. तीव्रता १० पैकी ७.१. पण त्याच्या काही दिवस आधीच ‘लॉगफोरजे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकातला दोष उघडकीस आला होता. त्याची तीव्रता पूर्ण १०, आणि जगभरचे संगणक विभाग त्यापायी रात्री जागत होते. त्या गदारोळात ॲप इन्स्टॉलरकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. ही मोजपट्टीही तशी अपुरीच. ज्यात माणसाला स्वतः बटण दाबावे लागते त्या दोषाला ती कमी गुण देते, जणू माणसाला फसवणे हे काही फार अवघड काम आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने ती लिंकची सोयच बंद केली. प्रकरण इथे संपायला हवे होते. ते संपले नाही. पुढे ही सोय पुन्हा सुरू करण्यात आली. या निर्णयाच्या बाजूने म्हणण्यासारखे काहीच नव्हते असे नाही. शेकडो संगणक सांभाळणाऱ्या कार्यालयांना एका लिंकवर ॲप बसवता येणे ही खरोखर सोय आहे, आणि ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापकांना ठेवताही आला असता. पण बहुतेक संगणकांना असा व्यवस्थापक नसतोच. तिथे जे मुळात चालू असते तेच चालू राहते. मग २०२३ च्या नोव्हेंबरपासून या वाटेवर पुन्हा वर्दळ वाढली. झूम, टॅब्लो, टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांच्या नकली पानांना शोधयंत्रात वरचे स्थान मिळवून देण्यात आले. एका टोळीने ईमेलही सोडला आणि थेट मायक्रोसॉफ्टच्याच ‘टीम्स’वर संदेश पाठवून वनड्राइव्ह-शेअरपॉइंटच्या बनावट पानांवर लोकांना नेले. असा बनवलेला संच विकायला बसलेले दुकानदारही निघाले. अखेर २८ डिसेंबर २०२३ रोजी, नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या सुस्त आठवड्यात, मायक्रोसॉफ्टने ती सोय पुन्हा मुळातूनच बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. या टोळ्यांना कंपनीने दिलेली नावे पाहा: ‘स्टॉर्म’ आणि त्यापुढे आकडे, किंवा ‘सँग्रिया टेम्पेस्ट’. सगळी वादळांची. ऐकणाऱ्याला संकट अस्मानी वाटावे. पण ज्या दारातून ही वादळे आत शिरली, ते एकदा लावलेले दार पुन्हा उघडण्याचा निर्णय माणसांनीच घेतला होता.

हा अपघात म्हणून सोडून दिला असता. पण २०२२ मधलीच दुसरी गोष्ट पाहा. वर्ड-एक्सेलच्या फायलींतील ‘मॅक्रो’मधून विषाणू पसरतात हे १९९९ च्या ‘मेलिसा’ने जगाला दाखवून दिले होते. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याची घोषणा मायक्रोसॉफ्टने केली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी. आणि जुलैत ‘वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियां’मुळे ती मागे घेतली. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात पुन्हा लागू केली. सोय आधी, सावधगिरी नंतर आणि तीही तक्रार येईपर्यंत. हा क्रम त्या कंपनीच्या हाडीमाशी इतका खिळलेला होता की एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने, चिनी हेरांनी केलेल्या दुसऱ्या एका घुसखोरीची चौकशी करताना, मायक्रोसॉफ्टची सुरक्षा-संस्कृतीच अपुरी असल्याचा ठपका ठेवला. त्यानंतर कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी कर्मचाऱ्यांना सुरक्षा आणि अन्य काही यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षाच निवडा, असे लेखी कळवले. जगातील निम्म्याहून अधिक टेबलांवरच्या संगणकांत जिची विंडोज आहे त्या कंपनीला हे २०२४ मध्ये सांगावे लागले.

आपल्याकडे या सगळ्याचा अर्थ फार निराळा लावला जातो. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या कार्यालयांत मधूनमधून खोटे फिशिंग ईमेल पाठवून कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतात आणि त्यात नापास होणाऱ्याला प्रशिक्षणाच्या वर्गात बसवतात. मासा गळाला का लागला याचा अभ्यास दांडगा. मोबाइलवर तर हाच खेळ रोजचा झाला आहे. व्हॉट्सॲपवर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका येते किंवा आरटीओचे चलान येते. ते चित्र नसते, कागदही नसतो. ती अँड्रॉइडवर बसणारी ‘एपीके’ फाइल असते. ती बसली की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि मिळाली की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोराच्या हाती पडतो. इथे अँड्रॉइड निदान हटकते तरी. पण हटकण्याची ती भाषा वाचून सातारा-लातूरच्या किती काका-मावशांना आपण कशाला होकार देतो आहोत हे कळते? त्यात पत्रिका ओळखीच्याच नंबरवरून आलेली, कारण त्याचा फोन आधीच पोखरलेला. इमोटेटचीच युक्ती, फक्त हळद-कुंकू लावून.

पैसे गेल्यावर १९३० या सायबर-मदतक्रमांकावर फोन करायचा हे आता अनेकांना ठाऊक आहे. प्रश्न पुढचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला दिलासा दिला: दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, असे असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकाच्या माथी नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. सारा खेळ त्या एका शब्दावर येऊन थांबतो. विंडोजने स्वतः ‘विश्वासार्ह’ म्हटलेल्या खिडकीवर ज्याने बटण दाबले, तो निष्काळजी कसा? केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर-सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या आणि सरकारी खात्यांना सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे फर्मान काढले. घड्याळ लावले गेले ते घटना भोगणाऱ्याच्या मनगटावर. ज्याच्या उत्पादनाच्या गळतीतून ती घटना घडली, त्याने ती गळती किती दिवसांत बुजवावी आणि बुजवलेली पुन्हा उघडली तर काय, यावर चकार शब्द नाही.

युरोपने हे कोडे सोडवायला घेतले आहे. त्यांचा ‘सायबर रेझिलियन्स’ कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला. उत्पादन मुळातच सुरक्षित मांडणीत हाती पडले पाहिजे, हे बंधन तो निर्मात्यावर टाकतो. डिसेंबर २०२७ पासून ते पूर्ण लागू होईल. ज्या दोषाचा वापर सुरू आहे त्याची वर्दी निर्मात्याने २४ तासांत द्यायची, हे कलम सप्टेंबर २०२६ पासूनचे. शिवाय सदोष उत्पादनाच्या भरपाईविषयीच्या नव्या युरोपीय निर्देशात सॉफ्टवेअर हे उत्पादन असल्याचे सरळ लिहिले आहे. यात लहान निर्मात्यांची कुतरओढ होईल ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण ‘आहे तसे घ्या, आमचे दायित्व फार तर तुम्ही मोजलेल्या किमतीइतके’ हे परवाना-करारातले वाक्य दुसऱ्या कुठल्या धंद्याला इतकी वर्षे पचले असते?

आणि आपण? ५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने खोक्यातून विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असा निर्वाळा दिला. प्रश्न विक्रीकराचा होता. कर घ्यायचा म्हटल्यावर सॉफ्टवेअरला वस्तुरूप देण्यात अडचण आली नाही. १५ वर्षांनी, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. त्यात ‘उत्पादन’ म्हणजे काय हे कलम २ च्या ३३ व्या पोटकलमात सांगितले आहे: वायू, द्रव किंवा घन अवस्थेतील वस्तू, माल, पदार्थ वा कच्चा माल. डाउनलोड होऊन येणारी खिडकी यातल्या कोणत्या अवस्थेत बसते, हे एखाद्या फसलेल्या ग्राहकाचा वकील कधीतरी ग्राहक आयोगापुढे भांडून ठरवेल. सेवा म्हणूनही दावा लावता येईल, असे म्हणणारेही आहेत. तोवर कायद्याचा मजकूर आहे तसाच आहे. मानवी ऊती, रक्त, रक्तजन्य घटक आणि अवयव हे उत्पादन नव्हे, एवढे मात्र त्यात आठवणीने नमूद केले आहे.