खेळातील सेवाज्येष्ठता

संगणकावर हजारो माणसांनी एकाच वेळी खेळावयाचे खेळ म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे समजण्याची प्रवृत्ती आपल्या सुशिक्षित वर्गात आहे. वास्तविक या खेळांतून एक जुनाच सामाजिक प्रश्न नव्या रूपाने पुढे आला आहे. आधी आलेल्याचा हक्क कोठे संपतो आणि मागाहून आलेल्याचा कोठे सुरू होतो, हा तो प्रश्न होय. सेवाज्येष्ठतेच्या यादीशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्या शिक्षकांना आणि कारकुनांना तो परका वाटू नये.

आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अंतराळातील जहाजे, व्यापार व युद्ध हा त्याचा विषय. जहाज चालविण्यास लागणारी कौशल्ये येथे सरावाने नव्हे, तर घड्याळाच्या गतीने वाढतात. खेळाडू झोपलेला असला तरी त्याचे प्रशिक्षण चालूच राहते. परिणामी आरंभीच दाखल होऊन अखंड प्रशिक्षण घेणाऱ्याची एकूण गुणसंख्या, दहा वर्षांनी आलेल्या नवख्याला तो कितीही हुशार असला तरी गाठता येत नव्हती.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक कौशल्याला पाचच पायऱ्या असतात आणि लहान जहाजाला मोजकीच कौशल्ये लागतात. तेवढी पूर्ण केली की नवखा त्या एका कामात जुन्या खेळाडूच्या बरोबरीला येतो. म्हणजे ज्येष्ठाची आघाडी विस्ताराची होती, प्रत्येक कामातील श्रेष्ठत्वाची नव्हती. ही रचना सर्वस्वी अन्याय्य होती, असे म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने कौशल्याचे गुण काढून विकण्याची मुभा दिली. पन्नास लाखांहून कमी गुण असलेल्याला अशा एका खरेदीत पाच लाख गुण मिळत. आठ कोटींहून अधिक असलेल्याला केवळ दीड लाख. नवख्याला झुकते माप देण्याचा हा हेतू स्तुत्यच होता. परंतु गुण विकत घेण्यासाठी खेळातील चलन लागते आणि ते चलन खऱ्या पैशांच्या मोबदल्यातही मिळविता येते. त्यामुळे काळाची भिंत खाली आली खरी, पण तिच्या जागी पैशाचा उंबरठा उभा राहिला. श्रीमंत नवखा तो सहज ओलांडतो. गरीब विद्यार्थी होता तेथेच राहतो.

बुद्धिबळाने हा प्रश्न अधिक शहाणपणाने सोडविला आहे. अर्पाद एलो या अमेरिकेतील प्राध्यापकांची गुणांकन पद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तीत गुण वाढतात ते निकालाने, वयाने वा वर्षांनी नव्हे. पटावर दोघांनाही सोळाच मोहरी मिळतात. ज्येष्ठाचा अनुभव त्याच्या डोक्यात राहतो, मोहऱ्यांच्या संख्येत दिसत नाही. आज अनेक ऑनलाइन खेळ अशाच गुणांकनाने तुल्यबळांच्या जोड्या लावतात. अर्थात तेथेही कसलेले खेळाडू नव्या नावाने खाते उघडून नवशिक्यांना लोळविण्यात धन्यता मानतात. नियम चांगला असला तरी त्यावर देखरेख लागतेच.

जुन्या खेळाडूंचा युक्तिवाद असा की, त्यांनी वर्षानुवर्षे वेळ व वर्गणी दिली म्हणून तर खेळ टिकला. हे मान्य केलेच पाहिजे. त्यांना मान द्यावा, पदव्या द्याव्यात, संघाचे नेतृत्व द्यावे. परंतु कृतज्ञतेपोटी अजिंक्यत्व बहाल करणे हे शहाणपणाचे नव्हे. नवे लोक येईनासे झाले की ज्येष्ठांना प्रतिस्पर्धी तरी कोठून मिळणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. खेळाच्या आतील समान संधी हा विषय कायद्याने सुटणारा नाही. तो खेळ रचणाऱ्यांच्या विवेकाचा आहे. त्यांनी एवढेच पाहावे: पराभूत झालेल्या नवख्याला आपण का हरलो, याचे उत्तर स्वतःच्या खेळात सापडले पाहिजे. ते दाखल होण्याच्या तारखेत किंवा वडिलांच्या खिशात सापडत असेल, तर त्या व्यवहाराला खेळ म्हणता येणार नाही.