चवदार तळ्याचे चित्र आणि समीक्षेचे सोवळे

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास पनवेलवरून महाडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलकांवर एक चित्र दिसते : चवदार तळ्याच्या काठी वाकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ओंजळीत पाणी, मागे जनसमुदाय. आमच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या संशोधन प्रकल्पासाठी हे चित्र निवडले, तेव्हा ‘कॅलेंडरवरचे चित्र हा मराठीच्या अभ्यासाचा विषय नव्हे’ असे सांगून तिला परत पाठविण्यात आले. निर्णय एका समितीचा असला, तरी त्यामागची अभिरुची आपल्या समीक्षेची आहे. म्हणूनच तिचा प्रतिवाद आवश्यक ठरतो.

या अभिरुचीचे एक गृहीतक असे की, छायाचित्र वास्तवाची नोंद करते, तर रंगीत छापील चित्र केवळ भाविकतेला आवाहन करते. हे गृहीतक तपासण्यासाठी अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीकडे पाहावे. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथे निदर्शकांवर पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले गेले. चार्ल्स मूर यांनी टिपलेली ती दृश्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापली. मार्टिन बर्गर यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, गोऱ्या वाचकवर्गाच्या नियतकालिकांनी मार खाणारा, असहाय कृष्णवर्णीय दाखविणारी छायाचित्रे पसंत केली. त्याचे कर्तेपण त्यामुळे झाकले गेले. छायाचित्र खोटे नव्हते, पण त्याची निवडही निरागस नव्हती. उलट १९६८ मध्ये मेंफिसच्या संपकरी सफाई कामगारांनी आपण माणूस आहोत एवढेच सांगणारे फलक हाती धरले, तेव्हा छायाचित्रातल्या माणसाने स्वतःचा अर्थ स्वतःच लिहून ठेवला होता.

आता महाडकडे वळू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा; महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला, पण तो कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी तळ्याचे पाणी प्यायले गेले आणि त्याच दिवशी परतणाऱ्या प्रतिनिधींना सवर्णांनी मारहाण केली. म्हणजे एकाच दिवसाची दोन दृश्ये उपलब्ध होती. लोकप्रिय चित्राने रक्तबंबाळ शरीर निवडले नाही. त्याने ओंजळ निवडली. ही निवड भाबडी नाही. ते इतिहासाचे एक वाचन आहे, आणि मार खाणाऱ्याऐवजी हक्क बजावणारा माणूस केंद्रस्थानी ठेवणारे वाचन आहे. दलित आत्मकथनांत वेदनेचा शोध घेण्यात रमलेल्या आपल्या समीक्षेला हे वाचन ‘कलाहीन’ वाटावे, यात नवल ते काय? तिला दलिताची जखम वाचता येते. त्याची कृती वाचताना मात्र तिची परिभाषा अडखळते.

याचा अर्थ हे चित्र टीकेच्या पलीकडचे आहे, असा मुळीच नाही. परिषदेच्या उभारणीत राबलेले रा. बा. मोरे, सोबत उभे राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे त्यात ओळखू येत नाहीत. हजारोंची कृती एका पुरुषाच्या ओंजळीत सामावते. सामूहिक सत्याग्रहाचे विभूतिपूजेत रूपांतर होण्याचा धोका तेथेच आहे. परंतु हे प्रश्न विचारण्यासाठी आधी चित्राला संहिता मानावे लागते. कवितेतील प्रतिमेला आपण जी कठोर चिकित्सा लावतो, तिचा मान या चित्राला नाकारणे ही सहृदयता नव्हे, तो विटाळ आहे.

तळ्याच्या पाण्यावरील हक्काला उच्च न्यायालयाची मान्यता मिळायला १९३७ साल उजाडले. अभ्यासक्रमाच्या काठावर उभ्या असलेल्या या चित्राला आपण किती वर्षे थांबवणार आहोत?