कलंडलेली जीप अंगणात

मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. त्या घराण्यातली, उतारावरून कलंडलेली जुनी गाडी घरच्या अंगणात पुन्हा उभी करता येते, कारण तिची बॉडी वेगळ्या चासीवर बोल्टांनी बसवलेली असते. बॉडी उतरवण्याआधी वायरींना चिठ्ठ्या लावून फोटो काढलेले बरे. स्मरणशक्तीचा भरवसा महिनाभरही टिकत नाही. मग रंगाचा मोह आवरून आधी चासी तपासायची. सपाट जमिनीवर ती लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवतात, दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या भोकांतून ओळंबे सोडतात, खाली खडूने खुणा करतात आणि कर्ण टेपने मोजतात. कर्ण जुळले नाहीत तर चौकट तिरकी झाली आहे. जुळले तरी पीळ असू शकतो, म्हणून चारही टोकांची उंची ताडून पाहावी लागते. पीळ काढणे हे घरच्या जॅकचे काम नव्हे. स्प्रिंगच्या पाट्यांच्या कंसांजवळ हातोडीने हलके ठोकावे: खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर गंज. तो पुट्टीखाली झाकणे म्हणजे शुद्ध फसवणूक. सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचे लोखंड वेल्ड करावे. इंजिन आणि गिअरबॉक्स त्यानंतर. ब्रेकच्या रबरी नळ्या मात्र चांगल्या दिसल्या तरी बदलाव्यात. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी, आणि ग्राइंडर चालवताना चासी क्रमांकाला धक्का लावू नये.